अमेरिकेतील तिसरा उमेदवार : आकर्षण आणि मर्यादा

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ७ नोव्हेंबर २००० रोजी मतदान झाले. परंतु फ्लोरिडा राज्याचा निकाल निश्चित होण्यास पाच आठवडे लागले. १२ डिसेंबर रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणीचा मार्ग बंद केला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश हे डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या ५३७ मतांनी पुढे होते. राज्यात सुमारे साठ लाख मते पडली होती. त्यांपैकी ९७,४८८ मते ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना मिळाली होती. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते मिळाली, तरी फ्लोरिडाच्या निकालाने बुश अध्यक्ष झाले.

त्या दिवसापासून डेमोक्रॅटिक गोटात नेडर यांचे नाव रोषानेच घेतले जाऊ लागले. ज्या माणसाने मोटारींच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतील बलाढ्य कंपन्यांशी झुंज दिली, ज्याच्या १९६५ मधील पुस्तकानंतर वर्षभरात वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्याच माणसावर बुश यांच्या कारकिर्दीतील प्रत्येक निर्णयाचे, विशेषतः २००३ च्या इराक युद्धाचे, खापर फोडले गेले. हा दोषारोप कितपत योग्य आहे, हा प्रश्न एकट्या नेडर यांच्यापुरता नाही. दोन्ही मोठे पक्ष नापसंत असलेल्या मतदाराने काय करावे, असा तो प्रश्न आहे.

तिसरा कोणाला म्हणावे?

भारतीय वाचकाला ‘तिसरी आघाडी’ हा शब्द परिचयाचा आहे. पण त्यावरून अमेरिकेतील तिसऱ्या पक्षाची कल्पना करणे चुकीचे ठरेल. आपल्याकडील तिसरी आघाडी म्हणजे आपापल्या राज्यांत सत्ता भोगलेल्या किंवा भोगत असलेल्या पक्षांची मोट. अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन यांच्याखेरीज जो कोणी रिंगणात उतरतो तो ‘तिसरा’, मग असे उमेदवार पाच असोत वा दहा. लिबर्टेरियन, ग्रीन आणि कॉन्स्टिट्यूशन हे पक्ष त्यातलेच. स्वतःच्या बळावर उभे राहणारे अपक्षही बोलण्याच्या ओघात याच वर्गात मोडतात.

हे दोन पक्ष मात्र अनादी नाहीत. रिपब्लिकन पक्षाची स्थापना १८५४ मधील. गुलामगिरीच्या प्रश्नावर व्हिग पक्ष मोडकळीस आला, त्याची जागा या नव्या पक्षाने घेतली आणि अवघ्या सहा वर्षांत, १८६० मध्ये, अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले. तिसऱ्या पक्षाचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. त्यानंतर मात्र दीडशेहून अधिक वर्षांत डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन या दोहोंपलीकडील एकही उमेदवार अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला नाही, ही त्याच उदाहरणाची दुसरी बाजू.

मतांचे गणित

या अपयशाचे पहिले कारण निवडणूक पद्धतीत आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्यांहून कमी का असेनात, अशी पद्धत जेथे असते तेथे मतदार हळूहळू दोनच बलवान पक्षांभोवती गोळा होतात, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले. अध्यक्षीय निवडणुकीत याला निर्वाचक मंडळाची, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजची, जोड मिळते. एकूण ५३८ निर्वाचकांपैकी २७० जणांचा पाठिंबा मिळवावा लागतो. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता अन्यत्र, राज्यात जो पहिला आला त्याला त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

१९४८ ची निवडणूक या गणिताचा उत्तम नमुना आहे. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातून दोन गट बाहेर पडले. वंशभेदाचे समर्थक स्ट्रॉम थर्मंड आणि डावीकडे झुकलेले माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस असे दोघेही मैदानात होते. दोघांनाही जवळजवळ सारखीच, म्हणजे प्रत्येकी सुमारे २.४ टक्के मते मिळाली. थर्मंड यांची मते दक्षिणेत एकवटलेली असल्याने त्यांनी चार राज्ये जिंकली आणि एकूण ३९ निर्वाचक मते मिळविली. वॉलेस यांची मते देशभर विखुरलेली होती. त्यांच्या वाट्याला एकही निर्वाचक आला नाही. भारतातही हीच बहुमताची पद्धत असताना प्रादेशिक पक्ष का टिकतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते : थोडी मते एका जागी असतील तर ती मोलाची, भरपूर मते सर्वत्र पसरलेली असतील तर ती व्यर्थ.

कोणालाच २७० चा आकडा गाठता आला नाही, तर अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृह करते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. १८२४ च्या निवडणुकीनंतर असा प्रसंग पुन्हा उद्भवलेला नाही. अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६८ मध्ये मात्र नेमका हाच डाव मांडला होता. दोन्ही मोठ्या उमेदवारांना बहुमतापासून रोखायचे आणि आपल्या निर्वाचकांच्या बदल्यात वंशविभक्तीच्या धोरणाला अभय मिळवायचे, अशी त्यांची योजना होती. त्यांना १३.५ टक्के मते, पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मिळाले. रिचर्ड निक्सन यांना स्पष्ट बहुमत मिळाल्याने डाव फसला. तिसरा उमेदवार म्हणजे स्वच्छ आणि पुरोगामी राजकारण असा जो एक गोड समज आहे, त्याला छेद देण्यास वॉलेस यांचे एवढे उदाहरण पुरेसे आहे.

लोक का ओढले जातात?

असे असूनही लाखो मतदार दर निवडणुकीत तिसऱ्या उमेदवाराकडे वळतात. ज्या प्रश्नावर दोन्ही मोठे पक्ष गप्प असतात, त्यावर तो बोलतो, हे त्याचे सर्वांत मोठे आकर्षण होय.

१८९२ मध्ये पीपल्स पार्टीचे जेम्स वीव्हर यांना साडेआठ टक्के मते आणि २२ निर्वाचक मिळाले. कर्ज, रेल्वेचे दर आणि शेतमालाचे पडलेले भाव यांनी गांजलेल्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील शेतकऱ्यांचा हा पक्ष. उत्पन्नानुसार चढत्या दराने प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट जनतेकडून निवड, या त्याच्या मागण्या त्या काळी अनेकांना अतिरेकी वाटल्या. पक्ष काही वर्षांतच विरून गेला. १९१३ मध्ये मात्र प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्तीने अमेरिकेच्या राज्यघटनेत आल्या.

१९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्याच रिपब्लिकन पक्षाविरुद्ध बंड करून प्रोग्रेसिव्ह पक्ष उभा केला. स्त्रियांना मताधिकार, कामगारांसाठी सामाजिक विमा आणि बालमजुरीला बंदी असा त्यांचा कार्यक्रम होता. १४ ऑक्टोबर रोजी मिलवॉकी येथे त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. खिशातील भाषणाची जाड घडी आणि चष्म्याची पेटी यांमुळे गोळी खोल गेली नाही आणि त्याही अवस्थेत त्यांनी भाषण पूर्ण केले. त्यांना २७.४ टक्के मते मिळाली. सत्तेवर असलेले अध्यक्ष विल्यम टाफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. आजवर कोणत्याही तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने आधुनिक काळात याहून सरस कामगिरी केलेली नाही. तरीही रिपब्लिकन मते दुभंगल्याने सुमारे ४२ टक्के मतांवर डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन ४३५ निर्वाचकांसह सहज विजयी झाले. एक माजी अध्यक्ष, अफाट लोकप्रियता आणि ठोस कार्यक्रम एवढे सारे जुळून येऊनही जेथे यश मिळाले नाही, तेथे इतरांची काय कथा?

पेरो यांचा चमत्कार

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे आकर्षण सर्वाधिक प्रकर्षाने दिसले ते रॉस पेरो यांच्या रूपाने. टेक्सासमधील या अब्जाधीश संगणक उद्योजकाने फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जाहीर केले की, सर्व ५० राज्यांतील लोकांनी आपले नाव मतपत्रिकेवर आणले तर आपण निवडणूक लढवू. लोक खरोखरच सह्या गोळा करू लागले. त्या वर्षी केंद्राची अर्थसंकल्पीय तूट सुमारे २९० अब्ज डॉलर होती. पेरो यांनी स्वतःच्या पैशाने दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेतल्या आणि हातात छडी घेऊन, तक्ते दाखवीत, शाळामास्तरांच्या थाटात देशाला तुटीचा हिशेब समजावून सांगितला. अशा रुक्ष विषयाला कोट्यवधी प्रेक्षक मिळावेत, याचे राजकीय पंडितांना आश्चर्य वाटले. उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार करारामुळे रोजगार मेक्सिकोकडे वाहून जातील, हा त्यांचा दुसरा मुद्दा. पुढे चोवीस वर्षांनी याच भावनेवर स्वार होऊन डोनाल्ड ट्रम्प यांनी औद्योगिक पट्ट्यातील राज्ये जिंकली.

उन्हाळ्याच्या आरंभी काही जनमत चाचण्यांत पेरो पहिल्या क्रमांकावर होते. १६ जुलै रोजी त्यांनी अकस्मात माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला ते पुन्हा मैदानात उतरले. आपल्या मुलीच्या विवाहात विघ्न आणण्याचा रिपब्लिकनांचा कट होता म्हणून आपण बाजूला झालो, असे कारण त्यांनी नंतर दिले; त्याला पुरावा काही मिळाला नाही. त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैद सोसलेले जेम्स स्टॉकडेल, हे सन्मान्य गृहस्थ होते. परंतु दूरचित्रवाणीवरील वादविवादात ते पूर्णपणे गोंधळलेले दिसले. एवढे होऊनही पेरो यांना १ कोटी ९७ लाख, म्हणजे जवळजवळ १९ टक्के मते मिळाली. निर्वाचक मात्र शून्य.

पेरो यांच्यामुळेच थोरले जॉर्ज बुश हरले, असे रिपब्लिकन पक्षात आजही मानले जाते. मतदानानंतरच्या पाहणीत मात्र पेरो यांच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि बिल क्लिंटन यांच्यात जवळपास सारखी विभागलेली आढळली. तेव्हा हा समज तपासून घ्यायला हवा. पेरो यांचा खरा ठसा अन्यत्र आहे. तुटीचा प्रश्न दोन्ही पक्षांना टाळता येईना आणि १९९८ मध्ये अर्थसंकल्प शिलकी झाला. त्याचे सारे श्रेय पेरो यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तेजीतल्या अर्थव्यवस्थेने करांचा ओघ वाढविला होता. पण विषय चव्हाट्यावर आणणारे तेच होते.

वाटेतील अडथळे

भारतात लोकसभेची निवडणूक लढविण्यासाठी अपक्षाला मतदारसंघातील दहा सूचक आणि २५ हजार रुपयांची अनामत एवढ्यावर मतदानयंत्रावर नाव मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला तर त्याच्या निम्मीच अनामत भरावी लागते. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीसाठी अशी एक देशव्यापी नोंदणीच नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, सह्यांची संख्या वेगळी, मुदत वेगळी. मोठ्या पक्षांचे वकील सह्यांच्या वैधतेला आव्हान देतात. लहान पक्षाचा निधी प्रचारापूर्वीच सह्या गोळा करण्यात आणि न्यायालयात खर्ची पडतो. हे नियम करतात ती राज्य विधिमंडळे आणि त्यांत बसलेले असतात याच दोन पक्षांचे सदस्य! पहारेकरीच जेथे प्रतिस्पर्धी, तेथे दार सताड उघडे राहील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

वादविवादांचेही तसेच. १९९२ मध्ये पेरो तिन्ही अध्यक्षीय वादविवादांत सहभागी होते. १९९६ मध्ये त्यांना वगळण्यात आले आणि त्यांची मते साडेआठ टक्क्यांच्या आत आली. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वादविवाद आयोगाने २००० पासून राष्ट्रीय चाचण्यांत १५ टक्क्यांची अट घातली. त्यानंतर आयोगाच्या मंचावर एकही तिसरा उमेदवार चढू शकला नाही. प्रसिद्धी नाही म्हणून चाचणीत टक्के नाहीत आणि टक्के नाहीत म्हणून प्रसिद्धी नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

मात्र सर्व दोष व्यवस्थेच्या माथी मारणेही बरोबर नाही. यांतील बहुतेक पक्ष चार वर्षांतून एकदा जागे होतात. नगरपालिका, शाळा मंडळे, राज्य विधिमंडळे येथे चिकाटीने पाय रोवण्याऐवजी थेट व्हाइट हाउसकडे झेप घेतली जाते. अध्यक्ष निवडून आलाच, तर काँग्रेसमध्ये त्याच्या पक्षाचा एकही सदस्य नसताना तो कायदे कसे करणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही. उमेदवाराची तयारीही अनेकदा तोकडी असते. २०१६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन हे न्यू मेक्सिकोचे दोनदा गव्हर्नर राहिलेले होते. पण सीरियातील युद्ध जगाच्या मुखपृष्ठावर असताना एका मुलाखतीत त्यांना अलेप्पो म्हणजे काय हेच उमगले नाही. पेरो यांचा रिफॉर्म पक्ष तर त्यांच्यानंतर गटबाजीतच संपला. २००० मध्ये त्याला मिळालेल्या सुमारे सव्वा कोटी डॉलरच्या सरकारी निधीसाठी दोन गट भांडले आणि उमेदवारी मिळाली ती पेरो यांच्या विचारांशी फारसे नाते नसलेले पॅट बुकॅनन यांना.

दोष कोणाचा?

आता पुन्हा फ्लोरिडाकडे. नेडर नसते तर त्यांच्या मतदारांनी काय केले असते? मतदानानंतरच्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे निम्मे गोर यांच्याकडे आणि पाचवा हिस्सा बुश यांच्याकडे गेले असते. उरलेले घरीच बसले असते. हेच प्रमाण फ्लोरिडाला लावले तरी गोर यांना पंचवीस हजारांच्या घरात आघाडी मिळाली असती. ५३७ च्या तुलनेत हा आकडा प्रचंड आहे. नेडर यांच्यामुळे निकाल फिरला, हे अमान्य करणे अवघड आहे.

परंतु ‘केवळ नेडर यांच्यामुळे’ असे म्हणता येत नाही. फरकच इतका सूक्ष्म होता की, त्या मतपत्रिकेवरील प्रत्येक लहान पक्षाला ५३७ हून अधिक मते मिळाली होती; सोशलिस्ट वर्कर्स पक्षालासुद्धा ५६२. पाम बीच परगण्यात मतपत्रिकेच्या गोंधळात टाकणाऱ्या मांडणीमुळे बुकॅनन यांच्या नावे ३,४०७ मते पडली आणि त्यांतील बरीचशी आपली नसावीत, असे खुद्द बुकॅनन यांनी मान्य केले. गोर यांना आपले टेनेसी हे गृहराज्यही राखता आले नाही. ते राखले असते तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. दुसरीकडे, न्यू मेक्सिकोत गोर ३६६ मतांनी जिंकले आणि तेथे बुकॅनन यांना त्याहून कितीतरी अधिक मते होती, याची आठवण कोणी काढत नाही. जो हरतो तोच मतविभागणीचा हिशेब मांडतो. हा अनुभव महाराष्ट्रातील वाचकालाही नवा नाही.

नेडर यांच्यावर एक आक्षेप मात्र उरतोच. दोन्ही पक्षांत फरक नाही, असा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. नंतरच्या आठ वर्षांनी तो सूर किती बेसूर होता ते दाखविले. त्यांच्या मतदारांनाही ते उमगले असावे. २००० मध्ये २.७ टक्के मते घेणारे नेडर २००४ मध्ये ०.४ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाहीत. पाच टक्के मते मिळवून पुढील निवडणुकीसाठी सरकारी निधीचा हक्क मिळवायचा, हे त्यांच्या २००० मधील मोहिमेचे घोषित उद्दिष्टही अपुरेच राहिले.

सोळा वर्षांनी तोच वाद नव्याने उफाळला. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत ट्रम्प यांचे मताधिक्य अनुक्रमे १०,७०४, २२,७४८ आणि ४४,२९२ होते. तिन्ही राज्यांत ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मते त्याहून जास्त होती. येथे हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण जॉन्सन यांना स्टाइन यांच्या तिप्पट मते होती आणि त्यांतील अनेकांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे होता. २०२४ मध्ये गाझातील युद्धाबाबत अमेरिकेच्या धोरणावर संतप्त झालेल्या अरबवंशीय मतदारांनी मिशिगनमधील डिअरबॉर्न शहरात स्टाइन यांना सुमारे १८ टक्के मते दिली. मात्र ट्रम्प यांचे त्या राज्यातील ८० हजारांचे मताधिक्य स्टाइन यांच्या राज्यभरातील मतांहून मोठे होते. त्याच वर्षी रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) यांनी महिनोन्महिने खटपट करून राज्याराज्यांत मतपत्रिकेवर स्थान मिळविले, ऑगस्टमध्ये ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि मग अटीतटीच्या राज्यांतून तेच नाव काढून टाकण्यासाठी धाव घेतली. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ते निघू शकले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. बर्नी सँडर्स यांनी नेमका उलटा मार्ग निवडला होता. सिनेटमध्ये अपक्ष असूनही २०१६ आणि २०२० मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले. ते हरले, पण मते न फोडता त्यांनी पक्षाचा कार्यक्रम डावीकडे ओढला.

मेनचा प्रयोग

मताची विभागणी टाळण्याचा एक उपाय पसंतीक्रमाच्या मतदानात शोधला जात आहे. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात. आपल्याकडे राष्ट्रपती आणि राज्यसभा सदस्य यांची निवड पसंतीक्रमानेच होते; त्यामुळे ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही.

मेन राज्यात २०१० मध्ये पॉल लपाज हे ३८ टक्क्यांहूनही कमी मतांवर गव्हर्नर झाले. दुसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष होता. त्या नाराजीतून २०१६ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची पद्धत मंजूर झाली. २०१८ मध्ये तेथील दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन यांना पहिल्या मोजणीत सुमारे दोन हजारांची आघाडी होती. दोन अपक्षांची मते वाटल्यानंतर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन सुमारे साडेतीन हजारांनी विजयी झाले. अपक्षांना मत देणाऱ्यांचे मत तेथे वाया गेले नाही आणि कोणी त्यांना दूषणेही दिली नाहीत. पोलिक्विन मात्र न्यायालयात गेले आणि तेथे हरले. अलास्कानेही २०२० मध्ये हा मार्ग स्वीकारला. २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव तेथे हजाराहूनही कमी मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी नेव्हाडा, कोलोराडो, ओरेगॉन आणि आयडाहोतील मतदारांनी ही पद्धत नाकारली, तर मिसूरीने तिच्यावर घटनात्मक बंदी घातली.

मेनमध्ये आज ही पद्धत प्राथमिक फेरीत आणि अध्यक्ष, सिनेट व प्रतिनिधिगृह यांच्या निवडणुकांत वापरली जाते. राज्याच्या घटनेत गव्हर्नर ‘सर्वाधिक मतांनी’ निवडावा अशी तरतूद असल्याचे मत तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले. ज्या पदाच्या निकालावरून हा सारा खटाटोप सुरू झाला, त्या गव्हर्नरपदाची अंतिम निवडणूक त्यामुळे अजूनही जुन्याच पद्धतीने होते.